दोन चहा, एक फीकी

६ जानेवारी, सोमवार

कंपनीने सगळ्यांना नव्या वर्षाची डायरी दिली. प्रत्येक पानावर इंग्रजीत एक सुविचार. आजचा टीमवर्कवर आहे. त्याच्यावरूनच पेन फिरवून लिहायला घेतलंय.

लॅबवर नवी पाटी लागली. हिरवी, चकचकीत, आतून दिवे. डॉक्टरसाहेबांच्या नावाची जुनी पाटी रघुवीरने उतरवली आणि फडक्याने पुसून ठेवली. मी म्हटलं, आता कशाला पुसतोस? म्हणे, "दीदी, बिदाई में कोई मैले कपड़े में थोड़ी भेजता है." रघुवीर रक्त काढतो, मी तपासते. माझ्या केतकीच्या जन्माआधी आम्ही दोघं एकाच महिन्यात इथे लागलो. इंदरगंजच्या चौकात तेव्हा एवढी गर्दी नव्हती, आणि त्याच्या डोक्यावर केस होते.

साहेबांनी लॅब विकली याचा राग नाही. वय झालं, मुलगा परदेशात. वर्षभर घरूनच कॉम्प्युटरवर रिपोर्ट सही करणार आहेत. कंपनीचा मॅनेजर निखिल आला आहे. केतकीच्या वयाचा, शर्ट खोचलेला, सारखा फोन वाजतो. वाईट नाही वाटला. मला "मॅडम" म्हणतो आणि दार उघडून धरतो.

भिंतीवर मोठा स्क्रीन लावलाय. कुठला रिपोर्ट किती वेळात गेला ते त्यावर दिसतं. वेळेत गेला तर हिरवा, नाही तर लाल.

८ जानेवारी, बुधवार

आतली खोली गेली. तिथे आता "पॅकेज काउन्सेलिंग". शिवानी नावाची मुलगी बसणार आणि आलेल्या माणसाला सांगणार की शुगरबरोबर थायरॉइड, हाडं, व्हिटॅमिन सगळं एकदमच करून घ्या. गॅसची शेगडी उचलून जिन्याखाली टाकली. बाहेर चहाचं मशीन आलं. त्यातून जे निघतं त्याला चहा म्हणणं म्हणजे...

जाऊ दे. पण खोलीचं लिहून ठेवते.

साहेबांचा एकच नियम होता. वाईट रिपोर्ट खिडकीतून द्यायचा नाही. कॅन्सरच्या पेशी दिसल्या, रक्तात नको ते सापडलं, की मी रिपोर्ट बाजूला ठेवायची आणि हाक द्यायची, "रघुवीर, दो चाय, एक फीकी." बस. तो जाऊन त्या माणसाला आत आणायचा, खुर्चीत बसवायचा, साहेब हातातलं काम टाकून यायचे. बोलणं होईपर्यंत चहा यायचा. आणि तो फिका नसायचाच. फीकी म्हटलं की रघुवीर दोन चमचे साखर जास्त टाकायचा. साहेब म्हणत, धक्का बसलेल्या माणसाला गोड लागतं. शुगरवाला असेल तर मी खुणेने सांगायची.

चहा पुल्लिंगी, फीकी स्त्रीलिंगी. शाळेतल्या मराठीच्या बाई असत्या तर छडी घेऊन आल्या असत्या. पण ग्वाल्हेरच्या आम्हा लोकांची मराठी अशीच, एक पाय इकडे, एक तिकडे. लॅबमध्ये कुणालाही साखर नको असेल तर "बिना शक्कर" म्हणायचं, फीकी म्हणायचं नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, सुई नंतर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ नेला. निखिलला दिला, "गोड बोला" म्हटलं. त्याने विचारलं, मतलब? सांगितलं. म्हणे, "मॅडम, ये तो हमारे कस्टमर केअर को भेजना चाहिए." हसलो दोघं.

केतकीचा फोन. ती गुडगावला अशाच एका मोठ्या कंपनीत एच.आर.मध्ये. मी खोलीचं गाऱ्हाणं सांगितलं. तिचं उत्तर, "आई, स्पेस का कॉस्ट होता है ना. तू इमोशनल नको होऊ यार, प्रोसेस समजून घे." पोटच्या पोरीने यार म्हटलं की काय करावं!

१७ जानेवारी, शुक्रवार

आजचं लिहिते.

सकाळी मंडळाचं हळदीकुंकू, म्हणून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. दुपारी दौलतगंजातून चालत लॅबला पोचले तर काउंटरवर बटनवाले. नई सडकेवर यांचं बटनं, चेन, दोऱ्याचं दुकान आहे. केतकीच्या फ्रॉकपासून सगळी बटनं त्यांच्याकडचीच. त्यांच्या बायकोच्या मानेला गाठ होती, परवा रघुवीरनेच त्यांना धीर देऊन बसवलं होतं, सुईने नमुना घेतला होता.

हातात गजकचा, म्हणजे तिळाच्या मिठाईचा डबा. चेहरा फुललेला. "मॅडम, मुँह मीठा कीजिए. फोन पर रिपोर्ट आ गई. पॉजिटिव है."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी मोबाईल पुढे केला. इंग्रजी त्यांना येत नाही, तेवढा एकच शब्द त्यांनी वाचला होता. दुकानात येणारा-जाणारा सगळा दिवस ऐकवत असतो ना, पॉजिटिव रहो, पॉजिटिव सोचो. त्यांना वाटलं, देवाने ऐकलं.

साहेबांनी घरून सही केली होती. पूर्वी सही झाली की कागद माझ्या हातात यायचा. आता सही झालेला रिपोर्ट माझ्या स्क्रीनवर येतो, मी थांबवला नाही तर आपोआप त्या माणसाच्या फोनवर. मी नव्हते. कुणी थांबवला नाही.

आत न्यायला खोली नाही. शिवानीसमोर एक जोडपं पॅकेज ऐकत बसलेलं. शेवटी त्या भिंतीवरच्या स्क्रीनखाली उभं राहून सांगितलं. मी सांगितलं. ते डबा धरूनच उभे होते. रघुवीर धावत कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा घेऊन आला, तोवर ते निघून गेले होते. डबा काउंटरवर राहिला.

स्क्रीनवर त्यांचा रिपोर्ट हिरवा होता. वेळेच्या आत गेला होता.

१८ जानेवारी, शनिवार

निखिलशी भांडले. आवाज चढला माझा, रघुवीर दारात येऊन उभा राहिला. निखिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, आप सही हैं. पर मेरे हाथ में बटन नहीं है." त्याने फोन दाखवला. सकाळपासून वरून विचारणा, इंदरगंजचे लाल रिपोर्ट इतके का. एका रिपोर्टला उशीर झाला की त्याला लेखी खुलासा द्यावा लागतो. त्याचाही कुणी निखिल वर बसलेला आहे, आणि त्याचाही.

म्हणजे रागवायला माणूसच सापडत नाही. हे फार वाईट आहे. साहेबांवर रागावलं की निदान साहेब समोर असायचे, आणि पाच मिनिटांनी तेच म्हणायचे, "चल, चहा घे आता."

गजकचा डबा कपाटावर ठेवलाय. कुणी हात लावत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आज एक आला. शाळेतल्या एका शिक्षिकेचा, रक्ताचा. साहेबांनी सही केली, माझ्या स्क्रीनवर दिसला. मी "होल्ड" दाबलं. कॉम्प्युटर कारण विचारतो. यादीत कारणं आहेत: नमुना गोठला, नमुना कमी, पुन्हा तपासणी, इतर. माणसाला बसवायचंय, हे कारण नाही. "इतर" दाबलं. चौकट उघडली. मराठी-हिंदी अक्षरं घेत नाही ते. काय लिहावं सुचेना, बोटांनी आपणहून इंग्रजी अक्षरांत लिहिलं. एफ, आय, के, आय.

थांबला रिपोर्ट. स्क्रीनवर लाल झाला.

बाईंना फोन करून बोलावलं, घरचं कुणी सोबत आणा म्हटलं. साहेबांना फोन केला. "येतो," म्हणाले, आणि खरंच स्वेटरवरच आले. आता बसवायचं कुठे? मी रघुवीरला नेहमीची हाक दिली, उगीच, सवयीने. शिवानीने ऐकलं. रघुवीरने तिला शिकवलं असणार. ती आपला लॅपटॉप उचलून गपचूप बाहेर जाऊन उभी राहिली. थंडीत. आणि दार ओढून घेतलं.

रघुवीरने जिन्याखाली शेगडी पेटवली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चाललंय. रोज नाही, पण आठवड्यात एखाद-दुसरा असतोच. लाल झाला की निखिल माझ्याकडे बघतो, मी मायक्रोस्कोपमध्ये बघते. चोराच्या मनात चांदणं.

साहेबांना विचारलं, हे बरोबर करतेय ना मी? म्हणाले, "अगं वसुधा, तू कशाला टेन्शन घेऊन राहिलीस? मी थोडाच गेलो आहे कुठे." गेला आहात साहेब. पण हे तोंडावर बोलवलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

हेड ऑफिसातून मेल. मी तीनदा वाचली. इंदरगंज सेंटरवर वारंवार "फिकी एरर" येत आहे. इतर कुठल्याच सेंटरवर हा एरर नाही. मशीनमध्ये दोष असण्याची शक्यता. इंजिनियर पाठवत आहोत.

रघुवीरला वाचून दाखवली. तो जिन्याखाली जाऊन हसला, तिथून आवाज येत होता. मला हसू आणि भीती दोन्ही. कळलं तर माझी नोकरी जाईल, ते एक. पण रघुवीर, शिवानी, तेही यात आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिनियर आला, दिल्लीहून. जाडजूड, प्रेमळ माणूस. रक्ताचं मशीन उघडलं, नळ्या काढल्या, धुतल्या, पुन्हा लावल्या. फिकी सापडेना. मला विचारतो, "मॅडम, ये एरर आता कब है? सुबह या लोड बढ़ने पर?" मी म्हटलं, काही सांगता येत नाही, अचानक येतो. यात खोटं काय आहे!

दुपारी दमून खुर्चीत बसला. मशीनचा चहा एक घोट पिऊन ठेवून दिला. रघुवीरकडे बघून म्हणाला, "भैया, ढंग की चाय मिलेगी? पर फीकी देना."

 रघुवीरचा हात हवेत राहिला. शिवानीने सवयीने लॅपटॉप उचलला आणि उभी राहिली. मी खुर्चीतून अर्धी उठलेली, इंजिनियरच्या तोंडाकडे बघत, बिचाऱ्याला काय झालं म्हणून. मग शिवानीला हसू फुटलं, मग मला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. इंजिनियर कावराबावरा, "अरे, डॉक्टर ने मना किया है शक्कर को, इसमें हँसने का क्या है?"

निखिल हसत नव्हता. तो आमच्याकडे बघत होता. मग भिंतीवरच्या स्क्रीनकडे. मग परत आमच्याकडे.

कळलं त्याला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

 निखिल संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, वो एफ-आय-के-आय... चाय है?"

हो म्हटलं. सगळं सांगितलं, खोली, साहेब, दोन चमचे साखर. बटनवाले त्याला ठाऊकच होते. म्हटलं, काय करायचं ते माझ्यावर कर, बाकीच्यांना ओढू नकोस.

तो बराच वेळ डबा बघत होता, कपाटावरचा गजकचा. मग म्हणाला, "मेरे पापा की रिपोर्ट मुझे ई-मेल पे आई थी. मेट्रो में." आणि बॅग उचलून गेला. पुढे काय झालं त्यांचं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

२४ फेब्रुवारी, सोमवार

या पोराने कमाल केली. आज वरच्यांबरोबर मीटिंग होती, कॉम्प्युटरवर, मीही कोपऱ्यात बसलेली. विचारलं गेलं, मशीनमध्ये दोष नाही तर फिकी म्हणजे काय? निखिल न अडखळता म्हणाला, "सर, फायनल इंटिमेशन, कीप इन-पर्सन." क्रिटिकल रिपोर्ट समोरासमोर देण्याची इंदरगंजची पद्धत आहे, तक्रारी कमी होतात, असं काहीतरी.

 पलीकडून कुणी तरी म्हणालं, नाइस. लघुरूप आवडलं त्यांना! चहा म्हटलं असतं तर नोटीस आली असती.

येत्या आठवड्यापासून सगळ्या सेंटरच्या यादीत फिकी हे अधिकृत कारण. रघुवीर म्हणाला, "दीदी, अपनी चाय तो पूरे देश में बिकेगी." लगेच दुसरी मेलही आली. फिकीचं प्रमाण दर महिन्याला कमी करत न्यायचं, काय उपाय करणार ते कळवा.

फिकी कमी कशी करायची? लोकांना आजारच होऊ द्यायचे नाहीत, असं कळवावं म्हणते.

३ मार्च, सोमवार

हसत होतो आम्ही, आणि हे ठरत होतं.

एप्रिलपासून तपासणी इथे होणार नाही. सगळे नमुने भोपाळच्या हबला. इंदरगंज फक्त कलेक्शन सेंटर, रक्त काढायचं आणि डब्यात घालून पाठवायचं. रघुवीर राहील, शिवानी राहील. मशीनं जाणार. मला मेल: भोपाळला या, नाही तर हिशेब घेऊन मोकळ्या व्हा. महिनाअखेर उत्तर द्या. रिपोर्ट थांबवायचं बटन हबमध्येच राहील, इथे नाही.

निखिलला आधी माहीत होतं का? विचारलं. "दो हफ़्ते से, मॅडम." मान खाली. त्यालाही इंदूरला पाठवतायत.

५ मार्च, बुधवार

साहेबांकडे गेले. रागातच गेले. म्हटलं, मशीनं विकलीत ते ठीक. खोली कशाला विकलीत?

"खोली किरायाचीच होती गं," ते म्हणाले. मग हळूच, "मला वाटलं, माणसं तर तीच आहेत. पद्धत माणसांत असते, कराराच्या कागदात कशी लिहू? लिहायला सुचलंच नाही."

थकलेत. राग तिथेच गळाला. येताना नई सडकेने आले, बटनवाल्यांचं दुकान उघडं होतं, पण बायको कशी आहे विचारायचा धीर झाला नाही.

ह्यांचं म्हणणं, सोड आता, पुष्कळ केलंस. केतकीचं म्हणणं, "आई, भोपाळ घेऊन टाक, रिझाइन नंतर पण करता येतं, बाद में देखेंगे." दोघांचंही बरोबर आहे. त्यांना कसं सांगू, मला पगाराचं नाही वाटत. भोपाळला मी काचेमागे बसणार. माझ्या हातात बटन असेल आणि समोर माणूस नसेल. इथे राहायला मिळालं असतं तर समोर माणूस असता आणि हातात बटन नसतं.

११ मार्च, मंगळवार

बटनवाले आले, बायकोला घेऊन. औषध सुरू करण्याआधीचं रक्त. त्या डोक्यावरून पदर घेतलेल्या, बारीक झालेल्या. सुई लागताना रघुवीर त्यांना त्याच्या नातीच्या गोष्टी सांगत होता. मी लांब उभी.

त्यांनीच हाक मारली. "मॅडम, उस दिन ये गजक लाए थे. कैसी थी?"

बटनवाले जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, बहुत अच्छी थी. "मैंने ही कहा था इनसे, मुरैना वाली ले जाना," त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर डबा काढला. रघुवीर, शिवानी, निखिल, मी. थोडी नरम झाली होती. सगळी संपवली. निखिलने डब्यातला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला.

२२ मार्च, शनिवार

पहिले नमुने भोपाळला गेले, चाचणी म्हणून. रक्ताचं मशीन बांधलं गेलं. त्याच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उरलाय. निखिल काल गेला. जाताना सगळ्यांना पेन दिलं, मला वेगळी कागदी पिशवी. त्यात किलोभर साखर.

रडले. लिहायला काय लाजायचं.

२७ मार्च, गुरुवार

काउंटरवर बसले होते. आता कामच तेवढं. भोपाळहून फोन. मुलीचा आवाज, अगदी कोवळा. "मॅडम, इंदरगंज? मैं हब से पायल." त्यांच्याकडे आमच्या एका पेशंटचा रिपोर्ट आला आहे, दालबाजारातल्या एकांचा. तिला तो पाठवावासा वाटेना. यादीत कारणं बघताना फिकी दिसलं. अर्थ माहीत नव्हता, पण खाली लिहिलं होतं समोरासमोर, म्हणून दाबून टाकलं. तिचा स्क्रीन लाल झालाय आणि सुपरवायझर येतोय.

"मॅडम, मैंने कर तो दिया. अब इसमें करना क्या होता है?"

 समोर बाकावर तेच गृहस्थ बसलेले, रिपोर्ट अजून फोनवर का नाही आला म्हणून विचारायला आलेले. बाजूला मुलगी. रघुवीरने माझ्याकडे बघितलं. मी काही म्हटलं नव्हतं, तरी शिवानीने लॅपटॉप मिटला.

म्हटलं, बेटा, होल्ड पर ही रखो. सुपरवायझर को बोलो, इंदरगंज ने कहा है. आणि रघुवीरला हाक दिली. जिन्याखाली शेगडीचा आवाज आला. साहेबांना फोन लावायला शिवानीला खूण केली.

पायल अजून लाइनवर होती. "मॅडम, एक बात पूछूँ? यहाँ नए स्टाफ की लिस्ट में आपका नाम लिखा है, आगे सवालिया निशान लगा है. आप आ रही हैं क्या?"

सोमवारी उत्तर द्यायचंय. मेल तशीच उघडी आहे.

म्हटलं, अभी चाय चढ़ी है, बेटा. बाद में बताती हूँ.